रॉक, अभंग आणि श्रद्धा

१९६९ साली अमेरिकेत लॅरी नॉर्मन या गायकाची ‘अपॉन धिस रॉक’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. ख्रिस्तभक्ती आणि रॉक संगीत यांची ही सांगड तेथील अनेक चर्चना रुचली नाही. आम्हां मराठी रसिकांना मात्र हा प्रश्न नवा वाटू नये. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्ह. नारायण वामन टिळकांनी पाश्चात्त्य चालींवरील भाषांतरित गीतांवर समाधान न मानता अभंग, ओवी, कीर्तन यांची वाट धरली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. नॉर्मन यांनी तरुणांच्या कानातला ठेका घेतला, टिळकांनी वारकऱ्यांचा. पण नुसती चाल उचलून भागत नाही. अभंगातील देवाशी असलेली सलगी आणि आर्जव टिळकांच्या उत्तम रचनांत मुरले आहे. जेथे उपदेश वरचढ होतो, तेथे त्यांचेही पद कोरडे पडते, हे आम्हांस मान्य करावे लागते. पिरनवाडीसारख्या सीमेवरच्या गावी, जेथे भाषा हीच नित्याची कसोटी, तेथे टिळकांचे मर्म सहज उमगावे: माणसाची श्रद्धा बदलेल, कानात रुजलेली भाषा सहसा बदलत नाही.