निधी कुणाचा, गरज कुणाची?

विद्यापीठ, उद्योग आणि सरकार यांच्या संशोधन-भागीदारीचे मूल्यमापन करताना आपण पहिला प्रश्न विचारतो : निधी किती मिळाला? माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. बेंगळुरूमधील दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा.

पहिल्या महायुद्धामुळे म्हैसूर संस्थानातील चंदनाचे लाकूड जर्मनीला जाणे बंद झाले. चंदनावर मालकी संस्थानाची, त्यामुळे तोटाही संस्थानाचाच. उद्योग संचालक आल्फ्रेड चॅटर्टन यांनी भारतीय विज्ञान संस्थेची मदत घेतली. तेथील सडबरो आणि वॉटसन या प्राध्यापकांनी ऊर्ध्वपातनाने तेल काढण्याची पद्धत बसवून दिली. १९१६ मध्ये बेंगळुरूत तेल निघू लागले; पुढे म्हैसूर सँडल साबणही आला. येथे अडचण आधी होती, संशोधन नंतर आले आणि चंदनतेलाला गिऱ्हाईक पूर्वीपासून होते.

दुसरे उदाहरण सिम्प्युटरचे. याच संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर यांनी १९९९ मध्ये न्यास स्थापून भारतीय भाषांत चालणारा, हातात मावणारा स्वस्त संगणक रचला. एकच यंत्र अनेकांनी स्मार्टकार्डाच्या साह्याने वापरावे, ही कल्पना सुंदर होती. २००४ मध्ये ‘अमिडा’ हे त्याचे रूप भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने तयार केले. पण वापरणारा गावकरी आणि पैसे देणारा ग्राहक एकच नव्हते. सरकारी खात्यांकडून मोठी मागणी आली नाही आणि यंत्र मागे पडले. तंत्रज्ञान चांगले होते, पण खरेदीदार ठरलेला नव्हता.

आता २०१५ ची ‘उच्चतर आविष्कार योजना’ पाहा. निम्मा खर्च शिक्षण खात्याचा, पाव हिस्सा संबंधित मंत्रालयाचा, पाव हिस्सा उद्योगाचा. उद्योगाने खिशात हात घालावा, ही अट योग्यच आहे. त्यातून त्याची आस्था कळते. पण पाव हिस्सा देणे म्हणजे तयार झालेली वस्तू वापरण्याची हमी नव्हे. करारात तेही लिहिलेले असावे, असे मला वाटते.

मूलभूत संशोधनाला हा निकष लावू नका. तेथे गिऱ्हाईक शोधणे अन्यायाचे ठरेल. मात्र उद्योगासाठी म्हणून मांडलेल्या प्रत्येक प्रकल्पाला, तुमच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पालाही, तीन प्रश्न विचारा : अडचण कुणाची आहे? उत्तर सापडल्यावर ते कोण वापरणार? आणि त्याचे पैसे कोण मोजणार?