अद्भुतातील चेटकीण आणि कैनाडचा कुमारवाचक : ग्रंथनिवडीच्या एका निकषाचा विचार

बीजसंज्ञा : कुमारवाङ्मय, अद्भुत, चेटकीण, वारली मौखिक परंपरा, अनुवाद

कुमारवयीन वाचकाला आवडतील अशी नवी अद्भुतरम्य पुस्तके कोणती, या प्रश्नाला सामान्यतः यादीने उत्तर दिले जाते. अशा याद्या खपावरून, पारितोषिकांवरून किंवा चित्रपटांच्या लोकप्रियतेवरून सिद्ध होतात. वाचक कोणत्या भूमीवर उभा राहून वाचतो, हा विचार त्यांत अभावानेच आढळतो. प्रस्तुत निबंधात तो विचार डहाणू तालुक्यातील कैनाड व त्याच्या आसपासच्या वारली वस्तीच्या गावांच्या संदर्भात केला आहे. या पट्ट्यातील नववी-दहावीच्या विद्यार्थ्याच्या हाती अद्भुतकथा देताना शिक्षकापुढे जी अडचण उभी राहते, ती पुण्या-मुंबईच्या शिक्षकापुढे सहसा येत नाही. ती अडचण म्हणजे चेटकीण.

अद्भुतकथेच्या पाश्चात्त्य परंपरेत चेटकीण ही जवळजवळ अपरिहार्य व्यक्तिरेखा आहे. शहरी वाचकाच्या दृष्टीने ती ड्रॅगनसारखीच काल्पनिक असते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मात्र 'भुताळी' हा शब्द काल्पनिक नाही. घरात आजारपण हटत नाही, गुरे मरतात, मूल दगावते. मग भगताकडे जाऊन दाणे पाहिले जातात आणि संशयाचे बोट शेजारच्या एखाद्या स्त्रीकडे, बहुधा एकाकी वा विधवा स्त्रीकडे, वळते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने एखादी व्यक्ती करणी किंवा जादूटोणा करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा गुन्हा ठरविला. शब्द मात्र कायद्याने नाहीसा होत नाही. ज्या मुलीने हा शब्द आपल्या पाड्यावर कुजबुजीत ऐकला आहे, तिच्या हाती आपण चेटकिणीची गोष्ट देतो, तेव्हा नेमके काय देतो?

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात विलक्षणाची व्याख्या वाचकाच्या संभ्रमाच्या आधारे केली. घडलेल्या गोष्टीचे स्पष्टीकरण निसर्गनियमांत शोधावे की त्यांच्या पलीकडे, याविषयीची अनिश्चितता हा त्यांच्या मते या प्रकाराचा गाभा होय. ही व्याख्या एक गोष्ट गृहीत धरते, ती अशी की पुस्तक मिटल्यावर संभ्रमही मिटतो. कैनाडच्या वाचकाबाबत हे गृहीत धरता येत नाही. त्याच्या भोवती दोन्ही स्पष्टीकरणे जिवंत आहेत. एक आरोग्य केंद्रात मिळते, दुसरे भगताच्या ओटीवर. तोदोरोव्ह ज्याला वाङ्मयीन परिणाम म्हणतात, तो येथे सामाजिक व्यवहार आहे.

यावरून अद्भुत वाङ्मय शाळेबाहेरच ठेवावे, असा निष्कर्ष काढणारे शिक्षक आहेत आणि त्यांचा हेतू वाईट नसतो. या भूमिकेला या परिसरात एक मोठा पूर्वसंदर्भही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलेले ग्राम बाल शिक्षा केंद्र मॉन्टेसरी पद्धतीच्या भारतीय रूपावर उभे होते. आणि खुद्द मॉन्टेसरी यांना लहान मुलांना परीकथा सांगणे मान्य नव्हते. मात्र ताराबाईंनी ज्यांच्याबरोबर भावनगरला काम केले, त्या गिजुभाई बधेकांनी कथाकथनाचे स्वतंत्र शास्त्र लिहिले आणि कथेचा पहिला हेतू आनंद मानला. शिवाय मॉन्टेसरींचा आक्षेप वास्तव आणि कल्पित यांतील भेद ज्याला अजून करता येत नाही अशा वयाविषयी होता. चौदाव्या वर्षी हा भेद करण्याची शक्ती आलेली असते. तिला सराव मात्र हवा असतो. तो सराव कशातून मिळावा, हा खरा प्रश्न आहे.

मराठीतील उपलब्ध अद्भुताकडे या दृष्टीने पाहता फारसे हाती लागत नाही. मराठी कादंबरीचा आरंभकाळ 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) अशा अद्भुतरम्य कथांनी भरलेला होता. हरिभाऊ आपट्यांनंतर वास्तववादाची प्रतिष्ठा वाढली आणि अद्भुत मुलांच्या कोपऱ्यात जाऊन बसले. प्रौढत्वाकडे झुकलेल्या वाचकाला अद्भुत हवे असेल, तर ते विज्ञानाचा परवाना घेऊन आले. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांना मराठीने मनापासून स्वीकारले, ते यामुळेही. उरलेल्या मुलखात एका टोकाला रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधील चेटकीण आहे. ती हास्यास्पद आहे, आठ वर्षांच्या प्रेक्षकाची भीती तिच्यामुळे हसण्यात विरते. चौदा वर्षांच्या मुलीचे त्यावर भागत नाही. दुसऱ्या टोकाला नारायण धारप आहेत. धारपांच्या भयकथेचे यश ज्यावर उभे आहे, ते तिचे गृहीतकृत्य असे की अमंगल शक्ती खरोखर आहे, ती माणसात शिरते आणि तिला ओळखणारा जाणकार योग्यच ओळखतो. भयकथा म्हणून हे चोख आहे. परंतु हीच रचना भगताच्या निदानाचीही आहे, हे विसरता येत नाही. धारपांवर बंदी घालावी असे कोणी म्हणणार नाही. मुले ते वाचणारच आणि वाचावेतही. केवळ तेच वाचून थांबू नयेत, एवढेच म्हणावयाचे आहे.

'चांदोबा'चा उल्लेख येथे करावयास हवा. १९५२ पासून मराठीत निघणाऱ्या आणि आता बंद पडलेल्या या मासिकाने कित्येक पिढ्यांना अद्भुत पुरविले. दासरी सुब्रह्मण्यम् यांच्या क्रमशः कथांतील मांत्रिक आणि राक्षस यांची चटक आजही अनेक प्राध्यापकांच्या बोलण्यात डोकावते. त्यातील खरी मोलाची गोष्ट मात्र वेताळ होय. वेताळ कथा सांगून थांबत नाही, न्यायाचा प्रश्न विचारतो. अद्भुत हे निवाड्याचे स्थळ होऊ शकते, हे आपल्या परंपरेला ठाऊक होते.

आता हॅरी पॉटर. 'हॅरी पॉटर आणि परीस' या बाळ उर्ध्वरेषे यांच्या अनुवादाने इंग्रजी न वाचणाऱ्या मुलांना ही मालिका मोकळी करून दिली. शीर्षकातील 'परीस' हा शब्द अनुवादाचा उत्तम नमुना आहे. युरोपीय किमयेची कल्पना त्याने एका फटक्यात मराठी केली. पण मूळ कथेतील 'विच' हा प्रतिष्ठेचा शब्द आहे. हर्मायनीसारखी हुशार, अभ्यासू मुलगी तो अभिमानाने मिरवते. मराठीत त्याला 'चेटकीण' याखेरीज सरळ पर्याय नाही, आणि 'चेटकीण' ही शिवी आहे. हा पेच एकट्या अनुवादकाचा नाही, भाषेचा आहे. त्याहून गंभीर मुद्दा मालिकेच्या तिसऱ्या पुस्तकाच्या (१९९९) आरंभी येतो. हॅरी सुट्टीत गृहपाठ म्हणून चेटकिणींना जाळण्याच्या मध्ययुगीन प्रथेवर निबंध लिहीत असतो. तो ज्या ग्रंथाचा आधार घेतो त्यानुसार खऱ्या चेटकिणींना आगीचा त्रास होत नसे. एकीला तर ज्वालांच्या गुदगुल्या इतक्या आवडत, की ती वेष पालटून सत्तेचाळीस वेळा पकडली गेली. विनोद म्हणून हे खुसखुशीत आहे. परंतु युरोपात ज्या जाळल्या वा फासावर दिल्या गेल्या, त्यांत कोणीही चेटकीण नव्हती. इतिहासातील सर्व बळी या विनोदात नाहीसे होतात. लंडनच्या वाचकाला तीन-चारशे वर्षांच्या अंतरामुळे हे परवडते. कैनाडला ते अंतर नाही. हे पुस्तक येथे वर्गात आले, तर या परिच्छेदापाशी शिक्षकाने थांबावे.

अर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) ही कादंबरी मला या संदर्भात अधिक महत्त्वाची वाटते. तिचा नायक गेड हा डोंगराळ बेटावरचा, शेळ्या राखणारा, तांबूस-सावळ्या वर्णाचा मुलगा आहे. राजवाडा, वसतिगृह, आगगाडी यांतले काही त्याच्या बालपणात नाही. कैनाडच्या मुलाला परकेपणाची एक पायरी येथे कमी चढावी लागते. मात्र ही बाह्य जवळीक दुय्यम आहे. कादंबरीचा गाभा असा : विद्येच्या गर्वातून, सोबत्याशी लागलेल्या चुरशीत गेड एक सावली जगात सोडतो. ती त्याचा पाठलाग करते, त्याला घायाळ करते, इतरांच्या मरणास कारण होते. अखेरीस तो उलट वळून तिचा पाठलाग करतो आणि तिला नाव देतो. ते नाव त्याचे स्वतःचे असते.

भुताळीच्या आरोपामागील तर्क काय असतो? माझ्या घरातील अनिष्टाचे मूळ दुसऱ्यात आहे. तिला ओळखा, तिला काढा, अनिष्ट टळेल. गेडची कथा हा तर्क त्याच्याच भूमीवर उलटा करते. जादू नसते, असे ती सांगत नाही. जादू गृहीत धरूनच ती म्हणते, की ज्याचा शोध तू बाहेर घेतोस ते तुझेच आहे. पाड्यावरच्या मुलाला 'हे सारे थोतांड आहे' असे सांगणारे व्याख्यान अनेकदा त्याच्या आजीचा अपमान करून संपते आणि तो कान बंद करून घेतो. ले ग्विन आजीचा अपमान करीत नाहीत.

या कादंबरीतही एक उणीव आहे. गेडला पहिले मंत्र शिकविणारी त्याची मावशी ही गावातली चेटकीण आहे. ती दुष्ट नसली तरी क्षुद्र व अर्धशिक्षित रंगविली आहे आणि खरे ज्ञान केवळ पुरुषांच्या विद्यापीठात आहे. लेखिकेला हे पुढे खटकले. 'तेहानू' (१९९०) या चौथ्या खंडात मॉस नावाची तशीच गावंढळ, अस्वच्छ, म्हातारी चेटकीण येते आणि यावेळी तिला माणूस म्हणून पुरती जागा मिळते. कथेच्या मध्यभागी आगीत भाजलेली एक लहान मुलगी आहे. एकच लेखिका आपल्याच निर्मितीची अशी फेरतपासणी करते, हे पाहणे दहावीच्या वाचकालाही शिकविणारे आहे.

टेरी प्रॅचेट यांची 'द वी फ्री मेन' (२००३) ही तर जणू याच प्रश्नावर लिहिलेली कादंबरी. मेंढपाळांच्या प्रदेशातील टिफनी एकिंग ही नऊ वर्षांची मुलगी परीकथा वाचते आणि तिला प्रश्न पडतो : ती म्हातारी दुष्ट होती, याला पुरावा काय? राक्षसिणीचे डोळे सूपच्या बशीएवढे होते असे पुस्तकात वाचल्यावर ती बशी आणून मोजपट्टीने मोजते. तिच्या गावात जमीनदाराचा मुलगा नाहीसा झाला, तेव्हा रानात एकटी राहणाऱ्या एका म्हातारीवर संशय गेला. तिचे घर गेले, तिला कोणी थारा दिला नाही, ती हिमात मेली. टिफनी चेटकीण व्हायचे ठरविते ते या घटनेमुळे, पुन्हा कोणाच्या वाट्याला असे येऊ नये म्हणून. रचनेतील खुबी अशी, की मुलगा खरोखरच परीराणीने नेलेला असतो. कथेत जादू खरी आहे आणि आरोप तरीही खोटा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येणे, हाच वर उल्लेखिलेला सराव. मालिकेतील चौथ्या पुस्तकात (२०१०) टिफनी सोळाच्या उंबरठ्यावर येते आणि गावाचा संशय खुद्द तिच्याकडे वळतो. वाचक आणि नायिका बरोबरीने मोठी होतात, हा या मालिकेचा शालेय वाचनाच्या दृष्टीने मोठा लाभ आहे.

'परके कशाला, वारल्यांचे स्वतःचे अद्भुत द्या' असा आक्षेप येथे अपेक्षित आहे. तो अर्धा खरा आहे. कणसरीच्या, हिरव्याच्या, वाघदेवाच्या कथांत जे विश्व आहे, ते कोणत्याही अर्थाने उणे नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्यातील कितीतरी कागदावर आणले. परंतु छापील स्वरूपात या कथा एकतर अभ्यासकांच्या ग्रंथांत सापडतात किंवा लहान मुलांच्या चित्रपुस्तकांत. मधल्या वयासाठी, दीर्घ कथानक असलेले असे काही शोधू जाता निराशा होते. शिवाय या कथा जपणारा भगत आणि भुताळी ठरविणारा भगत हा पुष्कळदा एकच असतो. परंपरा जशीच्या तशी उचलून देणे म्हणजे हा गुंताही उचलून देणे. परंपरेत दुसरी एक व्यक्ती मात्र आहे. लग्नचौकापाशी गाणी म्हणणारी धवलेरी ही शब्दाचे सामर्थ्य बाळगणारी स्त्री आहे आणि तिच्यावाचून लग्न लागत नाही. धवलेरीला नायिका करून वारली लेखिकेने लिहिलेली अद्भुत कादंबरी हे या विषयातील पहिले अपेक्षित पुस्तक होय.

ते लिहिले जाईपर्यंत प्रॅचेट यांची टिफनी वर्गात मराठीतून वाचून दाखवावी, असे मी सुचवीन. अनुवादकाला दोन निर्णय घ्यावे लागतील. कादंबरीतील चोर, दारूबाज, भांडकुदळ अशी बोटभर माणसे स्कॉटिश वळणाची बोली बोलतात. त्यांच्या तोंडी वारली बोली घालण्याचा मोह आवरावा; ज्यांची भाषा शाळेत आधीच हसण्यावारी नेली जाते, त्यांच्या मुलांना ती पुन्हा विदूषकाच्या तोंडी ऐकवू नये. दुसरा निर्णय 'विच' या शब्दाचा. टिफनीसाठी 'जाणती' असा सभ्य शब्द योजावा, असे सहज सुचते. पण मग कादंबरीचा कणाच मोडतो, कारण म्हातारीला ज्या शब्दाने मारले तोच शब्द टिफनी बुद्धिपुरस्सर स्वतःसाठी घेते. दोघींसाठी शब्द एकच असला पाहिजे. तो पुस्तकी मराठीतील 'चेटकीण' असावा. 'भुताळी' हा शब्द अनुवादकाने वापरू नये. तो वर्गातल्या एखाद्या मुलीने आपण होऊन उच्चारण्यासाठी मोकळा ठेवावा.