न्यूनतम दर कशाचा? : रासायनिक द्रव्यांच्या सार्वजनिक खरेदीची चिकित्सा

सार्वजनिक खरेदीच्या आपल्या पद्धतीवर जी टीका होत आली आहे, तिचा रोख बहुधा न्यूनतम दराच्या तत्त्वावर असतो. स्वस्त तेच घ्यावयाचे या आग्रहापायी हलका माल पदरी पडतो, हे त्या टीकेचे सार. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये बांधकामे आणि काही सेवा यांच्या निविदांत गुणवत्तेला गुण देण्याची मर्यादित मुभा दिली, तो या टीकेचा अंशतः स्वीकारच होय. वस्तूंच्या खरेदीला त्या वेळी ती मुभा मिळाली नाही. तथापि रासायनिक द्रव्यांपुरते बोलावयाचे तर ही टीका मर्मावर बोट ठेवीत नाही. दोष ‘न्यूनतम’ या शब्दात नाही; तो ‘दर’ या शब्दात आहे. दर कशाचा, हा प्रश्नच निविदेत विचारला जात नाही.

विरंजक चूर्णाचे, म्हणजे ग्रामपंचायतींच्या बोलीतील ‘टीसीएल पावडरी’चे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हे चूर्ण कोणी चूर्ण म्हणून वापरीत नाही. विहिरीत किंवा टाकीत जे काम होते ते त्यातील उपलब्ध क्लोरीनचे. बाकीचा भाग चुन्याचा. ताज्या व चांगल्या चूर्णात हा क्लोरीन वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश असतो; उष्णता, दमटपणा आणि प्रकाश यांनी तो सतत घटत जातो. असे असता निविदेत दर मागविला जातो तो किलोचा किंवा पोत्याचा. समजा, एका विक्रेत्याचे चूर्ण ३० रुपये किलो असून त्यात ३४ टक्के क्लोरीन आहे, तर दुसऱ्याचे २६ रुपये किलो असून त्यात २२ टक्के आहे. तुलनात्मक तक्त्यात दुसरा विक्रेता निर्विवाद विजयी ठरतो. परंतु एक किलो क्लोरीनसाठी पहिल्याला सुमारे ८८ रुपये आणि दुसऱ्याला सुमारे ११८ रुपये मोजावे लागतात. म्हणजे न्यूनतम दराचा नियम अक्षरशः पाळूनच महागडी वस्तू घेतली गेली, आणि लेखापरीक्षकाला आक्षेप घेण्यास जागाही उरली नाही.

प्रमाणक आहे, मग चिंता कशाची, असा प्रतिवाद येथे संभवतो. विरंजक चूर्णासाठी भारतीय मानक १०६५ आहे. महाराष्ट्रात चूर्णाचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात आणि क्लोरीन २० टक्क्यांहून कमी आढळल्यास ते पाणी शुद्धीकरणास अयोग्य ठरविले जाते. पण असा उंबरठा केवळ दोन उत्तरे जाणतो : उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण. २१ टक्के आणि ३३ टक्के त्याच्या लेखी सारखेच. त्यामुळे उंबरठ्याहून अधिक देण्यात विक्रेत्याचा काहीच लाभ नाही. गावातील पाण्याला मात्र हा फरक कळतो. पाठ्यपुस्तकांत सांगितलेले प्रमाण हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम, आणि ते चांगल्या चूर्णासाठी आहे. ३३ टक्क्यांच्या चूर्णातून या मात्रेने लिटरमागे सुमारे ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. २० टक्क्यांच्या चूर्णातून ०.५. पावसाळ्यातील गढूळ पाण्याची स्वतःचीच क्लोरीनची भूक एवढी असू शकते की दुसऱ्या बाबतीत अवशिष्ट क्लोरीन काहीच राहू नये. पिण्याच्या पाण्याचे मानक (१०५००, सन २०१२) निदान ०.२ मिलिग्रॅमची अपेक्षा करते. पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने अडीच ग्रॅम प्रामाणिकपणे टाकले, तरी गाव असुरक्षितच राहिले.

त्यात काळाचा घटक मिळतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, आणि निधी परत जाऊ नये म्हणून होणारी मार्चअखेरची खरेदी आपल्या कार्यालयांना अपरिचित नाही. ज्या चूर्णाची खरी निकड जूनमध्ये, ते एप्रिल आणि मे हे दोन महिने पत्र्याच्या खोलीत काढते. माल स्वीकारताना घेतलेल्या नमुन्याचा निष्कर्ष तोवर इतिहासजमा झालेला असतो.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, ग्राहकाला गुणवत्ता पारखता येत नसेल तर चांगला माल बाजारातून मागे हटतो. खरेदीविषयक चर्चेत या विवेचनाचा आधार घेतला जातो. येथे मात्र तो जसाच्या तसा लागू पडत नाही. क्लोरीनचे प्रमाण एका साध्या अनुमापनाने कळते. येथील अज्ञान बाजाराने लादलेले नसून निविदेच्या छापील नमुन्याने पत्करलेले आहे.

आणि शासनाला सत्त्वावर दर ठरविणे ठाऊक नाही, असेही नाही. उसाची रास्त व किफायतशीर किंमत साखरेच्या उताऱ्याशी निगडित असते. दूध संघ स्निग्धांश पाहून पैसे देतात. कोळशाची प्रतवारी व किंमत जानेवारी २०१२ पासून एकूण उष्मांकमूल्यावर आली. शेतकऱ्याकडून घेताना जी सूक्ष्म दृष्टी दाखविली जाते, ती पोते विकत घेतानाच का मंदावते, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. न्यूनतम दराच्या समर्थकांचा मुद्दा रास्त आहे : तो अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव देत नाही, आणि ‘गुणवत्ता’ या सैल शब्दाआडून वशिलेबाजी शिरते. पण दर उपलब्ध क्लोरीनच्या किलोमागे मागविला आणि देयक चाचणीच्या निष्कर्षानुसार कमी-अधिक केले, तर मर्जीला वाव वाढत नाही. नियम तोच राहतो, केवळ छेद बदलतो. चार पोती घेणाऱ्या ग्रामपंचायतीला प्रत्येक वेळी चाचणी परवडणार नाही हे खरे. यासाठी जिल्ह्याचा एकत्रित दरकरार आणि हप्त्याहप्त्याने पुरवठा हाच मार्ग दिसतो.

प्रयोगशाळेतील द्रव्यांकडे वळताच मात्र ही युक्ती अपुरी पडते. गंधकाम्लाच्या मानकात (२६६) कारखान्याची, विद्युत्घटाची आणि विश्लेषणाची अशा प्रती वेगळ्या आहेत. तीव्रता जवळपास सारखी असूनही या निराळ्या वस्तू आहेत, कारण तेथे किंमत मोजली जाते ती अशुद्धतेच्या अभावाची. अभावाचा दर किलोने काढता येत नाही. चूर्ण तपासणाऱ्या प्रयोगशाळेचेच पाहावे. तेथील सोडियम थायोसल्फेटचे द्रावण ठेवून ठेवून क्षीण झाले, तर अनुमापनात ते अधिक खर्ची पडते आणि चूर्ण आहे त्याहून सकस भासते. हा दोष टाळण्यासाठी ते द्रावण पोटॅशियम डायक्रोमेटसारख्या प्रमाण द्रव्याशी पडताळावे लागते. म्हणजे सबंध जिल्ह्यातील पोत्यांची पारख अखेर एका लहानशा बाटलीच्या शुद्धतेवर टेकलेली असते, आणि ती बाटलीही दरपत्रके मागवून न्यूनतम दरानेच आलेली असू शकते. जून २०२५ मध्ये केंद्राने आपल्या वैज्ञानिक संस्थांना उपकरणे व उपभोग्य द्रव्ये शासकीय ई-बाजारपेठेबाहेर घेण्याची मोकळीक दिली. संशोधनाच्या गरजेतून दिलेली ही सवलत जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचत नाही. ती प्रयोगशाळा राज्याच्या खरेदी नियमांखाली येते, आणि तिच्या मागणीपत्रकात डायक्रोमेटची बाटली व टीसीएलचे पोते एकाच ‘रसायने’ या शीर्षाखाली लिहिले जाऊ शकते.