नियोजित ऑनलाइन गटचर्चा आणि महाविद्यालयीन शिक्षकांचा व्यावसायिक विकास : एक चिकित्सा

प्रस्तावना :
समाजमाध्यमांवर ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी भरणाऱ्या गटचर्चा हे शिक्षकांच्या व्यावसायिक विकासाचे एक साधन मानले जाते. २००९ साली टॉम व्हिटबी, शेली टेरेल आणि स्टीव्हन अँडरसन यांनी ट्विटरवर (२०२३ पासून एक्स) ‘एडचॅट’ ही चर्चा सुरू केली. विषय अगोदर मतदानाने ठरे आणि दर मंगळवारी तासभर चर्चा चाले. पुढील वर्षी ब्रिटनमध्ये ‘यूकेएडचॅट’ गुरुवारी रात्री ८ वाजता भरू लागली. पलूससारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयीन शिक्षकाच्या दृष्टीने या पद्धतीचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
अशा शिक्षकाची मूळ अडचण माहितीच्या तुटवड्याची नसून समव्यावसायिकांच्या अभावाची आहे. एका विषयाचा विभाग अनेकदा एकदोन व्यक्तींवर चालतो. बदललेल्या अभ्यासक्रमातील एखादी संकल्पना अडली, तर ती विचारायची कोणाला? चर्चासत्रे होतात, परंतु तेथे निबंधवाचकाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात आणि प्रश्नोत्तरे वेळेअभावी चहापानावर ढकलली जातात. म्हणून घरबसल्या, प्रवासखर्चाविना आणि ठरलेल्या वेळी विषयातील दहा माणसे भेटण्याची सोय ही ग्रामीण शिक्षकाला शहरातील शिक्षकाहून अधिक मोलाची आहे, हे निःसंशय.

परंतु ही सोय आयती उचलता येत नाही. अमेरिकेतील मंगळवारी सायंकाळचे ७ म्हणजे हिवाळ्यात पलूसला बुधवारी पहाटेचे ५.३०, ब्रिटनमधील रात्रीचे ८ म्हणजे मध्यरात्रीनंतरचे १.३०. भाषेची अडचण याहून सूक्ष्म आहे. ट्विटरवर प्रथम १४० आणि २०१७ पासून २८० चिन्हांची मर्यादा होती. या मोजणीत देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे ठरतात. ‘विद्यार्थी’ हा तीन अक्षरांचा शब्द तेथे दहा चिन्हांचा होतो! मराठीत मुद्दा मांडून त्याला आधार देईपर्यंत जागा संपते. साहजिकच चर्चा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांकडे वळली. तेथे शब्दांना आडकाठी नाही. मात्र वेळेलाही बंधन नाही. सुप्रभात, वाढदिवस, परिपत्रके आणि शोकसंदेश यांच्या गर्दीत सकाळी विचारलेला प्रश्न दुपारपर्यंत दृष्टीआड होतो. यावर उपाय म्हणून अनेक गटांत केवळ प्रशासकालाच लिहिता येईल अशी व्यवस्था केली जाते. ही सुविधा २०१८ मध्ये आली. तिने गर्दी थांबते, पण गटाचा सूचनाफलक होतो.

२०२० च्या टाळेबंदीत वेळापत्रक आले आणि चर्चा गेली. महाविद्यालयांनी वेबिनारांचा सपाटा लावला. श्रोत्यांचे ध्वनी बंद, व्याख्यान सलग, शेवटी अभिप्रायाचा अर्ज आणि तो भरताच ई-प्रमाणपत्र, अशी एक ठरीव रीत तयार झाली. शिक्षक उपस्थित होते की केवळ त्यांचा भ्रमणध्वनी जोडलेला होता, हे त्या प्रमाणपत्रावरून कळण्याचा मार्ग नाही. याचा दोष सर्वस्वी शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील संशोधन-गुणांच्या तक्त्यात राष्ट्रीय स्तरावरील व्याख्यानास अथवा निबंधवाचनास ३ आणि राज्य वा विद्यापीठ स्तरावर २ गुण आहेत. दुसऱ्याच्या निबंधातील त्रुटी दाखवणाऱ्या नेमक्या प्रश्नाला त्या तक्त्यात स्थान नाही. ज्या व्यवस्थेत बोलण्याला गुण मिळतात आणि विचारण्याला नाहीत, तेथे वक्ते वाढतात. चर्चेला मात्र माणसे मिळत नाहीत.

यासंदर्भात एक जुने उदाहरण उद्बोधक आहे. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व शिक्षक यांच्या प्रयत्नांतून उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष होते. सभेत निबंध वाचले जात आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ या मासिकामुळे सभेबाहेरच्या वाचकांपर्यंतही लेखन पोहोचू लागले. पलूस तालुक्यातच पाहावयाचे तर किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ ही मुळात कारखान्याची, व्यवसायाची पत्रिका होती. तिचे पुढे मराठीतील एक मान्यवर मासिक झाले. दोन्ही ठिकाणी बोलणे वा कळवणे तेवढ्यावर संपले नाही; त्याचा छापील मागोवा राहिला. समाजमाध्यमांवरील चर्चेचे सर्वांत मोठे वैगुण्य येथेच आहे. ऑर्कुट २०१४ मध्ये आणि गूगल प्लस २०१९ मध्ये बंद झाले, तेव्हा तेथील मजकूर राखण्याचा भार सदस्यांवरच पडला. खाजगी कंपनीच्या दप्तरात ठेवलेले ज्ञान हे भाड्याच्या घरातील सामानासारखे असते.

तेव्हा प्रश्न माध्यमाच्या निवडीचा कमी आणि शिस्तीचा अधिक आहे. चर्चेचा लेख आठवडाभर आधी वाचावयास मिळावा, प्रश्नांना क्रमांक असावेत व उत्तरांनी तोच क्रमांक लावावा, संचालकपद फिरते असावे आणि सारांश लिहून तो महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावा. एवढे साधले तर साधा व्हॉट्सअ‍ॅपचा गटही पुरेसा आहे. संख्या वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. १,०२४ सदस्यांच्या गटात बहुतेक जण श्रोतेच राहतात. पंधराजणांत गप्प बसलेल्याची आठवण काढता येते.

वेळेची निवडही वरवर वाटते तितकी निरुपद्रवी नाही. रात्री ८ ही वेळ सर्वांना सोयीची म्हणून सहज सुचवली जाते. ती पुरुष शिक्षकांना सोयीची असते. बहुतेक घरांत त्या वेळी शिक्षिका स्वयंपाकघरात असते आणि तिचा चर्चेतील सहभाग अंगठ्याच्या चिन्हापुरता उरतो. पदवी वर्गांच्या तासिका पुष्कळ ठिकाणी दुपारी संपतात. महिन्यातून एकदा, कामाच्या वेळेतला दुपारचा एक तास प्राचार्यांनी वेळापत्रकात या चर्चेसाठी राखून ठेवला, तर विभागातील एकमेव शिक्षिकेलाही तो तास आपला म्हणून मागता येईल.