भैरूचा बहरी

निजामशाहीचा इतिहास सांगायला बसलेला फेरिश्ता आरंभीच त्या घराण्याची कुळकथा सांगतो. मजकूर मोजक्या ओळींचा आहे. पण एक कुलनाम जन्माला येताना इतक्या जवळून दाखवणारा उतारा दख्खनच्या बखरी-तवारिखांत मला दुसरा आढळलेला नाही.

विजयनगरच्या मुलखातला तिमाप्पा नावाचा ब्राह्मणाचा पोर अहमदशहा बहमनीच्या फौजेच्या हाती लागतो. त्याला मुसलमान करतात, हसन हे नाव देतात आणि शहजादा महंमदाच्या सोबतीला ठेवतात. इथवरची हकिगत त्या काळच्या कितीतरी गुलामांची आहे. मग फेरिश्ता एक बारीक तपशील टिपतो. बापाचे नाव भैरू, म्हणून या मुलाला ‘हसन भैरू’ म्हणत. शहजाद्याच्या जिभेला ते वळेना, त्याने ‘बहरी’ केले. बहरी म्हणजे शिकारी ससाणा. आपल्या बहिरी ससाण्यातला तोच शब्द. दरबाराला त्यात शिकारी पक्ष्याचा रुबाब ऐकू आला असेल. पण त्या पोराचे नाव, धर्म, गाव सगळे गेले असताना बाप तेवढा त्याच्यापाशी राहिला, तोही दुसऱ्या एका मुलाच्या बोबड्या उच्चारात. या दोन ओळींसाठी मी हा उतारा पुन्हा पुन्हा वाचतो.

हाक मारायच्या नावाचे कुलनाम होणे फ्रान्समधून कॅनडात गेलेल्या घराण्यांतही घडले. 1665 साली कारिन्यां-सालिएर पलटण क्वेबेकला उतरली. तिच्यातल्या शिपायांची लष्करी टोपणनावे आपल्या ‘ऊर्फ’सारख्या ‘दी’ या शब्दाने मूळ आडनावाला जोडून चर्चच्या वह्यांत उतरली. पुढे काही शाखांनी टोपणनावच आडनाव म्हणून ठेवले. तिथे पूर्वज शोधायचा तर दोन्ही नावे धुंडाळावी लागतात.

याच हसनला पुढे निजाम-उल-मुल्क हा किताब मिळाला. 1486 मध्ये बिदरला त्याचा खून झाला, आणि 1490 मध्ये त्याचा मुलगा मलिक अहमद स्वतंत्र झाला. फेरिश्ता लहानपणी नगरला आला, तिथल्याच दरबारात वाढला आणि 1589 मध्ये विजापूरला गेला. त्याचा समकालीन तबातबा मात्र निजामशाहीच्याच आश्रयाने लिहीत होता. त्याने अहमदला चक्क बहमनी सुलतानाचा मुलगा ठरवले. राजवंशाला राजरक्त हवे, एवढाच त्यामागचा हिशेब. त्याच्यापुढे फेरिश्ताचा साधेपणा मला फार मोठा वाटतो. कैद झालेले मूल राजवंशाचा मूळपुरुष आहे, हे तो न लाजता, न सजवता लिहितो.

याच नगरच्या मातीत नावांची ये-जा उलट दिशेनेही झाली. मालोजी भोसल्यांनी शहाशरीफ पिराच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते.

फेरिश्ताच्या कथेचा खरा कळस मला पाथरीच्या प्रकरणात दिसतो. भैरूचे पूर्वज मुळात पाथरीचे कुलकर्णी होते, तिथून घराणे विजयनगरकडे गेले. त्याचा पणतू बुऱ्हाण निजामशहा नगरच्या गादीवर असताना विजयनगरकडचे भाऊबंद त्याच्याकडे आले. बुऱ्हाणने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली, बदल्यात दुसरा परगणा देऊ केला. नकार आला, तेव्हा 1518 मध्ये त्याने ती लढून घेतली. कुलकर्णपणाच्या वतनासाठी सुलतानाने युद्ध करावे, आणि फेरिश्ताने ते नवल म्हणून न सांगता नात्याची साधी बाब म्हणून सांगावे, यात मला त्याच्या लेखणीची खरी ताकद दिसते. पाथरी पुढे हातची गेली, पुन्हा मिळाली. मग बुऱ्हाणने ती आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिली, आणि अकबराच्या काळापर्यंत ती त्यांच्याकडे राहिली.