अश्रूंची प्रतवारी

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. 'अश्रू' हा त्यांपैकी एक. करुण रसाचा स्थायीभाव शोक. एवढे आपले विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात. पण त्याच ग्रंथात शोकाची जी वाटणी केली आहे, ती वर्गात क्वचितच सांगितली जाते. उत्तम आणि मध्यम प्रकृतीची माणसे शोक धैर्याने सोसतात, नीच प्रकृतीची रडतात. आणि या नीचांच्या शेजारीच स्त्रियांना बसवले आहे. म्हणजे डोळ्यांतल्या पाण्यालाही इथे प्रतवारी लागली.

ही प्रतवारी जुन्या पोथीत राहिली असती तर हरकत नव्हती. पण 'बलुतं' (१९७८) आणि त्यानंतरच्या स्वकथनांना 'रडगाणे' म्हणणारी समीक्षा त्याच पोथीतून बोलत होती. तिला शोक हवा होता, पण संयत, आस्वादापुरता. बाबुराव बागुलांनी 'मरण स्वस्त होत आहे' (१९६९) हे नाव दिले, तेव्हा त्यांना रसनिष्पत्ती करायची नव्हती. मरण कोणी स्वस्त केले, हे विचारायचे होते.

आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. माझ्या आधीच्या बाया कोणाच्या मातीला गेल्या की हेल काढून रडत. त्या रडण्यात मेलेल्याचे गुण असत, तशी मरणाची हकीकतही असे : ताप किती दिवस होता, उसने कोणी दिले, दार कोणी लावून घेतले. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, त्यांचा तो पंचनामा होता. आपले स्वकथन या पंचनाम्याचा वारसा सांगते, करुण रसाचा नव्हे.

शास्त्राने हिणवलेल्या त्या दोघांची, स्त्रीची आणि 'नीचा'ची, साक्ष भीमाकाठच्या दोन शेजारी तालुक्यांत उभी आहे. दौंड तालुक्यातल्या केडगावी पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो मुली व बाया आणल्या. स्वतः रमाबाईंनी दुष्काळात आईबाप गमावले होते. त्यांच्या धर्मांतराविषयी ज्याचे त्याने मत ठेवावे; पण आपल्या शोकाला त्यांनी छप्पर, छापखाना आणि शाळा दिली, हे नाकारता येत नाही.

हवेली तालुक्यात कोरेगाव भीमाचा स्तंभ आहे. कंपनी सरकारने तो स्वतःच्या गौरवासाठी बांधला. तरी त्यावर कोरलेल्या ४९ मृतांच्या नावांत २२ नावांना 'नाक' हा महारांचा प्रत्यय आहे. ज्यांच्या मरणाची नोंद गावाने कधी ठेवली नाही, त्यांची नावे दगडावर आली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तेथे आले. जुलै १९२६ मध्ये त्यांचा राजरत्न गेला होता आणि ऑगस्टमध्ये त्यांनी एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात पित्याचा शोक मोकळा झाला होता. कोरेगावनंतर तीन महिन्यांच्या आत महाडचे चवदार तळे. शोकातून लढा निघाला, असे सोपे गणित मी मांडत नाही. पण पत्र लिहिणारा आणि तळ्यावर जाणारा माणूस एकच होता.

म्हणून 'रडायचे नाही, लढायचे' ही आपली घोषणा मला तपासावीशी वाटते. मयताच्या घरी कार्यकर्ता जातो आणि आईला म्हणतो, रडू नका. नकळत तो भरताची प्रतवारीच पुढे चालवतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी चार आर्यसत्यांवर प्रश्नचिन्ह लावले, कारण जन्मच दुःख म्हटले की माणसाला आशाच उरत नाही. पण त्याच ग्रंथात किसा गोतमीही आहे. तिला बुद्ध गप्प करत नाहीत, मोहरी मागायला दारोदार पाठवतात. दारोदार फिरल्यावर तिचे दुःख तिच्या एकटीचे राहत नाही.

इथे आपलीही परीक्षा आहे. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगावला जमलेल्यांवर हल्ले झाले. त्या दिवशीच्या हिंसेत एक तरुण मारला गेला. तो दलित नव्हता. त्याच्या आईचे रडणे आपल्याला ऐकू येत नसेल, तर प्रतवारी मोडली नाही, फक्त उलटी केली.

साहित्यकृतीत अश्रू किती आहेत, ते संयत आहेत की नाहीत, हे मोजणे समीक्षेने आता थांबवावे. हे रडणे कोणाचे नाव घेते, कोणाला जाब विचारते आणि ऐकणाऱ्याला कोणाच्या दारापर्यंत नेते, हे पाहावे. ज्या स्वकथनात जाब नाही, केवळ कीव मागणे आहे, ते आपल्या माणसाचे असले तरी तसे स्पष्ट म्हणावे.