जंगलाला खरंच आठवतं का?

वनव्यवस्थापनाच्या पुस्तकांत सध्या एक शब्द फार लाडका आहे: 'परिसंस्थेची स्मृती'. वणवा किंवा वादळ येऊन गेल्यावर जे मागे उरतं, म्हणजे बी, मुळं, पडलेले ओंडके, ती जंगलाची स्मृती.

उदाहरण ठरलेलं, अमेरिकेतलं यलोस्टोन. १९८८ साली या उद्यानाच्या सुमारे ३६ टक्के क्षेत्राला वणव्यांची झळ बसली. तिथल्या लॉजपोल पाइनच्या पुष्कळ झाडांचे शंकू राळेनं चिकटून बंद असतात. आगीच्या धगीनं ते उघडले, बी सांडलं, दाट रोपं उठली. जंगलाला आठवलं म्हणे!

माझी तक्रार इथे आहे. आपल्या न्यायशास्त्रात संस्कार तीन प्रकारचे: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. स्मृती भावनेतून येते, आणि भावना फक्त आत्म्याची. ताणून धरलेली चटई सोडली की पुन्हा गुंडाळते, तो स्थितिस्थापक. शंकू या चटईच्या जातीचा. शब्दाचा कीस काढतोय असं वाटेल (निवृत्त माणसाला दुसरं काम काय!), पण ज्याला आठवतं त्याला काळ बदलल्याचंही कळतं, चटईला नाही कळत. २०१६ च्या मेपल वणव्यात १९८८ नंतर उगवलेलं कोवळं जंगल पुन्हा जळालं, अवघ्या २८ वर्षांनी. झाडांवर बियांचा साठा पुरेसा जमलाच नव्हता. रोपं फार विरळ आली. पहिल्या वणव्यानंतर हात न लावणं शहाणपणाचं ठरलं, मान्य. पण दुसऱ्यानंतरही तेच चालेल, हे 'स्मृती' या शब्दाच्या भरवशावर मला कुणी सांगू नये.